पन्नास शब्दांत

त्रिशला फौंड्रीत पहिल्यांदा मालकीण म्हणून आली, त्या दिवशी धनपाल आण्णा तिला फाटकापर्यंतच सोडायला आले. बत्तीस वर्षं त्यांनी तो लोखंड ओतायचा कारखाना चालवला होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याला पाटीवरच्या नावानं कुणी ओळखत नसे, सगळे ‘आण्णांची फौंड्री’ म्हणत. अर्धांगाचा झटका आल्यापासून आण्णा उजवा पाय ओढत चालायचे, आणि आपल्या माणसांदेखत तसं चालणं त्यांना नको होतं. गाडीत बसूनच ते लेकीला म्हणाले, "बाकी तुला सगळं येतंय. भट्टीवरच्या माणसांचं तेवढं ऐकत जा."

"त्यासाठीच तर आलेय, आण्णा," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

पुण्यात एका मोठ्या कंपनीत तिनं आठ वर्षं काढली होती. तिथं एकदा तिनं रंगकाम विभागासाठी एक युक्ती शोधली. सहा महिन्यांनी तिच्या साहेबानं ती भर बैठकीत आपली म्हणून सांगितली, आणि त्रिशला मागच्या रांगेत बसून इतरांसोबत टाळ्या वाजवत राहिली. त्या टाळ्यांची लाज तिला अजून वाटायची. म्हणून आण्णांच्या फौंड्रीत आल्यावर महिन्याभरात तिनं कँटीनच्या भिंतीवर एक मोठा फळा लावला आणि त्याच्या वर रंगाऱ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. ‘अडचण सांगू नका, कल्पना सांगा.’ ‘ज्याची कल्पना, त्याचंच नाव.’

पहिले दोन महिने फळा कोराच राहिला. लोक जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसत. मग वर्षाराणी नावाच्या बाईनं, जी साच्याच्या आत ठेवायचे वाळूचे ठिसूळ गाभे, म्हणजे कोअर, बनवायच्या विभागात होती, एक दिवस भीतभीत खडूनं लिहिलं की कोअर ठेवायच्या मांडणीवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या तर ते फुटायचे कमी होतील. त्रिशलानं त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन जुन्या ट्यूब आणल्या. फूट निम्म्यावर आली. वर्षाराणीचा फोटो कँटीनमध्ये लागला, आणि तिचा नवरा तो बघायला सुट्टीच्या दिवशी येऊन गेला. त्यानंतर फळा भरायला लागला. त्रिशलाचा धाकटा भाऊ अरिहंत, जो गिऱ्हाइकं आणि बँक सांभाळायचा, हसून म्हणायचा, "अक्का, तू कारखाना चालवतीयस का शाळा?" पण मालाच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि लोक कामावर येताना मान वर करून येत होते, हे त्यालाही दिसत होतं.

ज्ञानू त्या फळ्यापाशी कधी गेला नाही. आजऱ्याच्या पलीकडच्या एका गावातला हा चाळिशीचा माणूस चौदा वर्षं भट्टीवर होता. नागाव फाट्याला खोली घेऊन बायको आणि मुलीसोबत राहायचा. बोलायचा कमी. शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची, तिच्यात तो रोजच्या भट्टीच्या नोंदी ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात भट्टीनं सगळ्यांचा जीव काढला. भट्टीच्या आतून मातीचं जाड अस्तर असतं. आत वितळलेलं लोखंड, बाहेर तांब्याच्या नळ्यांतून फिरणारं पाणी, आणि दोघांच्या मध्ये ते अस्तर. ते झिजून पातळ झालं की पॅनेलवरचा तांबडा दिवा लागतो आणि भट्टी आपोआप बंद पडते. त्या पावसात अस्तराला डागडुजी केली की लगेच दिवा लागायचा. अर्धा अर्धा तास काम थांबायचं, ओतायला तयार झालेलं लोखंड गार व्हायचं.

ज्ञानू एकदा केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, त्या दिव्याचं कायतरी कराय पायजे."

त्रिशला हसली. "अडचण नको, ज्ञानू. कल्पना आण."

तो आठ दिवसांनी परत आला, तो वहीचं एक पान घेऊन. पानावर पेन्सिलीनं भट्टीचं चित्र काढलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. डागडुजीची माती ओली असते, म्हणून दिवा लागतो. अस्तर पातळ झालंय म्हणून नव्हे. एकदा लोखंड वितळवून ओतलं की त्याला भट्टीवर एक हीट म्हणतात. तर डागडुजीनंतर पहिल्या दहा हीटपुरती दिव्याची मर्यादा, म्हणजे तो ज्या आकड्याला लागतो तो आकडा, थोडी वाढवायची. माती सुकली, की अकराव्या हीटला मर्यादा परत होती तिथं आणायची. आणि रोज सकाळी सळई घालून अस्तराची जाडी मोजायची.

"अकराव्या हीटचं इसरायचं न्हाय," तो म्हणाला होता. "त्योच सगळ्यात मोठा भाग हाय."

त्रिशलानं ते पान दोनदा वाचलं. इतकं साधं आणि इतकं बरोबर काही तिनं पुण्यातल्या आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन महिने त्यांनी ते ज्ञानू सांगेल तसं करून पाहिलं. मर्यादा वाढवायची, परत आणायची, दोन्ही वेळा ज्ञानू स्वतः इलेक्ट्रिशियनच्या शेजारी उभा राहायचा. भट्टी एकदाही उगाच बंद पडली नाही.

त्याच सुमाराला उद्योजकांच्या एका संघटनेची स्पर्धा आली. कामगारांच्या कल्पनांना बक्षीस होतं. अर्ज इंग्रजीत भरायचा होता आणि कल्पना पन्नास शब्दांत मांडायची होती. त्रिशलानं घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ज्ञानूचं पान इंग्रजीत उतरवलं. चौऱ्याण्णव शब्द झाले. तिनं कापायला सुरुवात केली. सळईचं गेलं. ओल्या मातीचं अर्धं गेलं. तरी एकसष्ट राहिले. मग अकराव्या हीटचं वाक्य गेलं. आता मजकूर बाणासारखा सरळ झाला होता: डागडुजीची माती, वाढवलेली मर्यादा, वाचलेले तास. बारकावे मूळ कागदावर आहेतच, असं तिनं स्वतःशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं त्याखाली सही केली. त्याला इंग्रजी जुजबी वाचता यायचं, पण मॅडमनी लिहिलेलं कशाला तपासायचं?

अर्जावर ‘मार्गदर्शक अधिकारी’ अशी एक रिकामी जागा होती. अरिहंत म्हणाला, "तिथं तुझं नाव टाक की."

"नको," ती म्हणाली. "कल्पना त्याची आहे."

बक्षीस मिळालं. ज्ञानू कडक इस्त्रीचा शर्ट घालून व्यासपीठावर गेला, त्याची बायको आणि मुलगी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्रिशला खालून टाळ्या वाजवत होती. या टाळ्यांनी पुण्यातल्या टाळ्या फिटल्या, असं तिला वाटलं.

मग एक गोष्ट झाली, जी त्या वेळी कुणालाच गोष्ट वाटली नाही. एका बड्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. त्यांना प्रत्येक कामाची लेखी पद्धत हवी होती. भट्टीच्या कामासाठी त्रिशलानं स्पर्धेतला मजकूरच छापायला दिला, कारण तो तयार होता आणि सुबक होता. छापील कागद पॅनेलवर चिकटला. इलेक्ट्रिशियननं त्याबरहुकूम दिव्याची मर्यादा वाढवली, पॅनेलचं दार बंद केलं, कुलूप लावलं. कागदावर परत खाली आणायचं काही लिहिलेलं नव्हतं.

ज्ञानूनं सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "तुझ्याच सहीचा कागद हाय की. त्यात तसलं काय न्हाय." आठवड्याभरानं त्यानं परत विचारलं, तर सुपरवायझर वैतागला. त्यानंतर तो रोजच विचारायला लागला. शेवटी एका सकाळी ज्ञानूनं त्रिशलाला जिन्यात गाठलं. तिच्यामागून गिऱ्हाइकाची तीन माणसं उतरत होती.

"मॅडम, त्या दिव्याचं जरा..."

"ज्ञानू," ती त्या माणसांकडे वळून अभिमानानं म्हणाली, "हेच आमचे बक्षीसवाले." तिघांनी त्याच्याशी हात मिळवला. ती पुढं निघाली आणि जाता जाता हलकेच म्हणाली, "अडचण नको, कल्पना आण."

तो जिन्यात उभा राहिला. ती त्याला नंतर भेटणार होती. राहून गेलं.

कागद चिकटल्यापासून सतराव्या दिवशी ते घडलं. गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा. भट्टीच्या ओट्यावर पिराजी उभा होता, लांब सळईनं लोखंडावरची साय काढत. पिराजी हुपरीचा. सत्तावन्न वर्षांचा, त्रिशलाला फ्रॉकमधली पाहिलेला, म्हणून सगळे मॅडम म्हणत तरी हा ताई म्हणायचा. ज्ञानू सहा पावलांवर पॅनेलपाशी होता. दिवा लागला नाही. अस्तराला खालून कुठंतरी भेग गेली, लोखंड नळीपर्यंत पोचलं, आणि नळीतलं पाणी त्याच्या खाली सापडून स्फोट झाला.

त्रिशला केबिनमध्ये फोनवर बोलत होती. खिडकीच्या काचा आत आल्या तेव्हाही तिच्या हातात फोन होता. खाली पळत आली तर भट्टीच्या वरचे पत्रे उडालेले होते आणि तिथून ऊन आत पडलं होतं, एरवी जिथं कधीच पडत नसे तिथं. माणसं ओरडत नव्हती. तीच गोष्ट तिच्या नंतर लक्षात राहिली, की कुणी ओरडत नव्हतं. ओटा काळा पडला होता. पिराजीला त्यांनी वाळूच्या पोत्यांवर आडवं केलं होतं, आणि वर्षाराणी त्याच्या तोंडावर आपला पदर धरून बसली होती. तो पदर तिनं नंतरही काढू दिला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत पिराजी गेला होता. ज्ञानूचा डावा हात खांद्यापर्यंत आणि मान भाजली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील घरी आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "मर्यादा वाढवायच्या कागदावर सही कुणाची?"

"ज्ञानूची," अरिहंत म्हणाला.

"अजून कुणाची?"

"कुणाचीच नाही. अक्कानं स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं."

वकील खुर्चीत मागं टेकले. "फार चांगलं केलंत," ते त्रिशलाला म्हणाले. "कल्पना त्याची, अर्ज त्याचा, बक्षीस त्यानं घेतलेलं, फोटो सगळ्या पेपरांत. आपल्याला वेगळं काही सांगायची गरजच नाही."

त्या संध्याकाळी त्रिशलानं आपल्या खोलीतली फाइल उघडली. वहीचं पान तिथंच होतं. पेन्सिलीची भट्टी, बारीक अक्षर, आणि ‘अकराव्या हीटला’ या शब्दांखाली ज्ञानूनं दोनदा ओढलेली रेघ. तिनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

पाचव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. अरिहंत आणि वकील बरोबर होते. ज्ञानूला पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, चेहरा सुजलेला, पण शुद्ध होती. बायको पायथ्याशी उभी होती. तो छताकडे बघत म्हणाला, "मॅडम, येक इच्यारू?"

"विचार."

"मी अकराव्या हीटचं लिव्हलं हुतं न्हवं? परत खाली आणायचं? मी लई डोकं लावतोय, पर आता मला नीट आठवंना. पोलीस म्हनत्यात, कागदावर न्हाय. मग मी नुसतंच तोंडानं बोललो हुतो काय? का बोललोच न्हाय?"

तिच्या मांडीवर पर्स होती. अरिहंतनं घसा खाकरला. वकील खिडकीबाहेर बघत होते.

"मला आठवत नाही, ज्ञानू," त्रिशला म्हणाली.

तो हळूहळू मान हलवत राहिला, जसं एखाद्या हिशेबाचं उत्तर शेवटी सापडलं. "मग ऱ्हायलंच असंल माझ्याकडनं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं जबाब दिला. कल्पना माझी, लिहिताना चूक माझी, पिराजीआबा माझ्यामुळं गेला.

तेराव्याला त्रिशला हुपरीला गेली. पिराजीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. आजूबाजूच्या घरांतून पैंजणाचं काम चालायचं, पण त्या दिवशी गल्लीत एकही हातोडी वाजत नव्हती. पिराजीची बायको बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही. त्रिशलाला बसायला सतरंजी सरकवून दिली.

"ज्ञानूची बायकू आलती," बनाबाई म्हणाली. "माझ्या पायावर पडली. मी तिला पाणी बी इच्यारलं न्हाय. ती गेल्यावर वाटलं, तिचा काय गुन्हा?"

त्रिशला सतरंजीच्या कडेला टेकली.

"आमचं मालक घरात सांगायचं. ज्ञानू रोज सुपरवायझरसंगट भांडतोय म्हणं, दिवा खाली घ्या, दिवा खाली घ्या. जो मानूस रोज भांडतोय, त्योच कसं काय चुकंल?" बनाबाईनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "ताई, तुमी शिकल्याली मानसं. मला खरं काय हाय ते सांगा."

"चौकशी चाललीय," त्रिशला म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. बनाबाईनं मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर अरिहंत गाडी चालवत होता. "अक्का, एकशे साठ माणसं आहेत आपल्याकडं," तो म्हणाला. "तू आत गेलीस तर फौंड्री बंद. मग त्यांचं काय? ज्ञानूच्या घराकडं आपण बघूच की. मुलीचं शिक्षण, सगळं." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बोलण्यात तसं चुकीचं काही सापडत नव्हतं, आणि म्हणूनच ती आणखी सहा दिवस गप्प राहिली.

एकोणिसाव्या दिवशी ज्ञानूला दवाखान्यातून सोडलं आणि दारातूनच पोलिसांनी नेलं. धोक्याचा दिवा मुद्दाम निकामी केला म्हणून कलम जड लावलं होतं. त्याच्या बायकोनं त्रिशलाला फोन केला. काही मागायला नव्हे. तिला एवढंच विचारायचं होतं की जखमेवर लावायचं मलम आत घेऊ देतात का.

त्रिशला आण्णांच्या खोलीत गेली आणि वहीचं पान त्यांच्या हातात दिलं. आण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. डाव्या हाताचं बोट फिरवत ते त्या दोन रेघांपर्यंत आले आणि थांबले.

"हे काढलं कुणी?"

"मी. पन्नास शब्दांत बसत नव्हतं."

आण्णांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बत्तीस वर्षांत माझ्या भट्टीवर माणूस मेला नव्हता."

"काय करू, आण्णा?"

"मला विचारायला आलीस, म्हणजे मी नको म्हणावं असं तुला वाटतंय." त्यांनी पान तिच्याकडे परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून कूस बदलली.

पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्यानं पान उजेडाकडे धरून बघितलं, मग छापील कागदाशेजारी ठेवलं. तो तरुण होता आणि त्याचा आवाज चढला नाही.

"दिव्याची मर्यादा कायम वर ठेवायचा मजकूर कुणी केला?"

"मी."

"तुम्ही मजकूर कापला, हे ज्ञानूला माहीत होतं?"

"नाही. त्यानं मला जिन्यात थांबवलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि हे पान एकोणीस दिवस कुठं होतं?"

"माझ्या पर्समध्ये."

त्यानं ते तसंच लिहून घेतलं.

पुढचं फारसं लांबलं नाही, निदान तिच्यासाठी. वकिलांनी तिचा जामीन दोन दिवसांत करून घेतला. ज्ञानूला जामीनदार मिळेपर्यंत महिना गेला, कारण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागतो आणि त्याच्यासाठी धावणारं कुणी नव्हतं. त्रिशलानं माणूस पाठवला, तर ज्ञानूच्या बायकोनं त्याला दारातूनच परत पाठवलं. फौंड्री बंद ठेवायचा हुकूम आला. गिऱ्हाइकांनी साचे उचलून दुसरीकडे नेले. साडेचार महिन्यांनी अरिहंतनं ती इचलकरंजीच्या एका माणसाला विकली. नव्या मालकानं निम्मीच माणसं ठेवली.

शेवटच्या दिवशी त्रिशला आपली कागदपत्रं घ्यायला गेली होती. फाटकापाशी पाचसहा बायका उभ्या होत्या, त्यांत वर्षाराणीही. तिला ठेवलेलं नव्हतं.

"मॅडम," वर्षाराणी म्हणाली, "तुमी खरं सांगितलासा, ते चांगलं केलासा. पर तवाच का न्हाय ऐकलं? भट्टीवर दिवा लागत न्हवता, तवा?"

"माझ्यापर्यंत..." त्रिशला बोलायला गेली.

"तुमच्यापतोर यायला फळाच एक हुता. त्याच्यावर अडचन लिव्हायची न्हाई, असं तुमीच रंगवून ठेवलं हुतं." ती हे रागानं बोलत नव्हती. बाकीच्या बायका जमिनीकडे बघत होत्या. "आमाला समद्यास्नी म्हाईत हुतं, मॅडम. ह्यो दिवा लागत न्हाय म्हणून. कँटीनमधी रोज बोलनं व्हायचं."

आण्णा त्या हिवाळ्यात गेले. त्रिशलाशी ते घरात बोलायचे, जेवलीस का, औषध दे, एवढंच. फौंड्रीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ज्ञानूचं नाव खटल्यातून वगळल्याचा आदेश यायला वर्ष लागलं. त्रिशलावरचा खटला चालूच राहिला. आदेशाची प्रत घेऊन ती आजऱ्याला गेली. खरं तर प्रत टपालानंही पोचली असती.

तो काजू फोडायच्या एका युनिटमध्ये काम करत होता. गावाबाहेर पत्र्याची शेड होती, भोवती काजूच्या टरफलांचे ढीग. आत डोळे चुरचुरत. ज्ञानू भाजलेल्या बिया चाळत होता. डावा हात कोपराशी वाकलेला राहिला होता, त्या हातानं तो चाळण नुसती अडवून धरत होता. मानेवरची कातडी ओढली गेली होती, त्यामुळं तिच्याकडे बघायला त्याला सगळं अंगच वळवावं लागलं.

तो बाहेर आला. तिनं प्रत दिली. त्यानं ती सावकाश वाचली, या खेपेला प्रत्येक ओळ, शेवटच्या शिक्क्यापर्यंत.

"बरं झालं," तो म्हणाला. "पोरगीच्या लग्नाच्या टायमाला कुणी इच्यारलं तर दावायला हुईल."

"ज्ञानू, मी त्या दिवशी दवाखान्यात..."

"पान पर्समधी हुतं, व्हय? माझ्या वकिलानं सांगितलं मला."

"हो."

तो टरफलांच्या ढिगाकडे बघत राहिला. "त्यो हात भाजला त्याचं काय न्हाय, मॅडम. भट्टीवरचा मानूस भाजतोय. पर तुमी आठवत न्हाय म्हनला, तवापास्नं मी माझ्या डोक्याला भ्यायलोय. मला वाटायचं, ज्या डोक्यानं एवढं इसरलं, त्या डोक्याचं काय ऐकायचं? रातंदीस तेच. लिव्हलं हुतं, न्हवतं, लिव्हलं हुतं, न्हवतं. मंग कळलं की लिव्हलं हुतं. पर तोवर सवय लागली ना."

"कसली?"

"न ऐकायची."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो निघाला नाही. शेडच्या छपराकडे त्यानं उजवा हात केला. भाजायच्या पिंपाचा धूर तिथून बाहेर जाण्याऐवजी परत आत येत होता आणि आतल्या बायका पदरानं तोंड झाकून बिया सोलत होत्या.

"त्यो धूर बघा. नळकांडं चार फूट त्या अंगाला घेतलं आणि खाली येक खिडकी पाडली, तर समदा भाइर जातोय. पयल्याच आठवड्यात दिसलं मला."

"मालकाला सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

त्यानं आदेशाची प्रत चार घड्या घालून खिशात ठेवली. त्या खिशात आता वही नव्हती.

"चुकलं तर माझं नाव," तो म्हणाला. "आनि बरोबर निघालं तर मालक त्यातलं काय काढून टाकंल, मला काय ठावं? त्या बायका खोकत्यात, मला दिसतंय की. पर सांगवत न्हाय." मग जणू तिची समजूत घालावी तसा म्हणाला, "यस्टी चारला हाय. पुढची सहाला. लवकर निघा, फाट्यापतोर चालत जावं लागतंय."

तो आत गेला. त्रिशलाला शेडच्या दारातून तो दिसत होता, वाकडा हात चाळणीला लावून, धुरात डोळे बारीक करून उभा. मालकाची खोली बाजूलाच होती, दार उघडं होतं. आपण जाऊन सांगावं, चार फूट आणि एक खिडकी, असं तिच्या मनात आलं. ती दोन पावलं पुढंही गेली. मग तिच्या लक्षात आलं की हेही ती त्याला न विचारताच करणार होती. ती तिथंच थांबली. आत एक बाई खोकत होती, बराच वेळ, थांबून थांबून. त्रिशला चारची गाडी निघून जाईपर्यंत ते ऐकत उभी राहिली.